न सुटलेला ब्रेक

ब्रेक लागला नाही, ही गोष्ट माणूस आयुष्यभर सांगत राहतो. घाट कुठला, समोरून काय येत होतं, गाडीत कोण कोण होतं, कुणी कुठल्या देवाचं नाव घेतलं, सगळं तपशीलवार. ब्रेक सुटला नाही, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. सांगण्यासारखं तिच्यात असतं काय? गाडी जिथे होती तिथेच आहे. कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही. एक गृहस्थ स्टिअरिंगमागे बसलेत, इंजिन घुरघुरतंय आणि गाडी जागची हलत नाही, एवढंच. यात थरार नाही, म्हणून या दुखण्याला वाङ्मयही नाही. ब्रेक फेल झाल्याचा प्रसंग सिनेमात हमखास असतो. ब्रेक जाम झाल्याचा प्रसंग गॅरेजच्या वहीत एका ओळीत संपतो : ‘मागचे दोन्ही जाम. खोलून साफ.’

हे दुखणं ऋतू पाहून येतं. जून ते ऑगस्ट ते गाडीत मुरत असतं आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात बाहेर पडतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत निम्मी घरं कोकणातली, त्यामुळे त्या आठवड्यात पार्किंगला एकदम जाग येते. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाड्यांची कव्हरं निघतात. कव्हराखालून आधी मांजर निघतं, मग कुजकी पानं, मग गाडी. काहींची बॅटरी उतरलेली असते. ते दुखणं सरळ, शेजारच्या गाडीवरून वायर जोडली की भागतं. काही गाड्या मात्र पहिल्या किल्लीला सुरू होतात, सुरात चालतात, पहिला गियरही निमूट घेतात, आणि क्लच सोडला की मागचं बूड खाली दाबून बसतात. इंजिन गचका खाऊन बंद. पुन्हा सुरू करा, पुन्हा तेच. मग धक्का द्यायला पोरं गोळा होतात. त्यांत ‘न्यूट्रल आहे ना?’ असं विचारणारा एक असतोच, आणि गाडीत बसलेला माणूस त्याच्याकडे फार दुखावलेल्या नजरेनं बघतो.

सोसायटीतल्या एका काकांची गाडी या यादीत सहसा चुकत नाही. काका बँकेतून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. किल्ल्या बँकेत राहिल्या, हाताची सवय घरी आली. झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर, मागच्या दाराची कडी, पुढच्या दाराची वरची कडी, खालची कडी आणि शेवटी दाराला एक हलकासा धक्का, असा त्यांचा क्रम ठरलेला. हँडब्रेकही त्याच शिस्तीतला. एरवी हँडब्रेकला पाच-सहा दात पुरतात. काका कट्, कट् करत शेवटच्या दातापर्यंत जातात, आणि तिथे पोहोचल्यावर दुसरा हात लावून आणखी एकदा ओढून बघतात. वास्तविक आमच्या पार्किंगची फरशी इतकी सपाट आहे की पावसाचं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला जावं हे न कळून गाड्यांखालीच मुक्काम करतं. तिथून गाडी घरंगळत जायची तर पृथ्वीलाच थोडं कलावं लागेल. पण काका ती शक्यता सोडायला तयार नसतात.

गुडघे बोलायला लागल्यापासून काकांचं गाडी चालवणं जवळजवळ थांबलं. तरी रविवारी सकाळी ते काकूंना ‘गाडी जरा फिरवून आणतो’ असं सांगून खाली उतरतात. कव्हर अर्धंच उचलतात, आत बसतात, इंजिन सुरू करतात, काच खाली करतात, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावतात आणि एखादा गाण्यांचा कार्यक्रम संपेपर्यंत समोरच्या मीटरबॉक्सकडे बघत बसतात. हात स्टिअरिंगवर, अगदी शिकवतात तसे. मग इंजिन बंद करून वर जातात. काकू विचारतात, “आलात? गर्दी होती का हो?” काका म्हणतात, “होती थोडी.” काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पार्किंग दिसतं, हे दोघांनाही ठाऊक आहे.

या रविवारच्या व्रतामुळे बॅटरी थोडीफार तग धरून राहते. चाकं मात्र इंचभरही फिरत नाहीत, आणि ब्रेकला फिरत्या चाकाइतकं दुसरं औषध नाही.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क असते आणि मागे ड्रम. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा एक डबा. त्याच्या आत धनुष्यासारखे वाकलेले दोन शू, आणि शूच्या पाठीवर चिकटवलेला लायनर. ब्रेक दाबला की शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. पाय काढला की स्प्रिंगा शूंना जवळ ओढून घेतात. हँडब्रेकची वायर हेच काम हातानं करते. आता ड्रम पडला बिडाचा, त्याला आतून रंग नाही, तेल नाही. असूनही चालणार नाही, कारण त्याचा सगळा गुण कोरडं राहून घासण्यात. ओलावा लागला की एका रात्रीत त्याच्यावर तांबूस गंज धरतो. गाडी चालती असेल तर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो पुसलाही जातो. पण हँडब्रेक लावून गाडी महिनाभर उभी राहिली, की गंज ड्रमवर वाढता वाढता लायनरच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि दोघांना एकमेकांशी बांधून टाकतो. जुन्या अल्बममधले फोटो पावसाळ्यात एकमेकांना चिकटतात ना, तसंच हे. मग हँडब्रेकचा दांडा खाली केला, वायर ढिली पडली, तरी आतले शू ड्रमला धरूनच राहतात. कुणी त्यांना अजून काही सांगितलेलंच नसतं. अशा वेळी फोटो खस्सकन ओढला तर एखाद्याचा चेहराच दुसऱ्या पानावर राहतो. तसं इथे इंजिनाला भरमसाट रेस देऊन गाडी हिसकली तर लायनर शूवरून सुटून ड्रमपाशीच राहू शकतो. चाक सुटल्याचा आनंद होतो, आणि तिथला ब्रेक गेलेला असतो.

२०२० सालच्या टाळेबंदीत हे सामुदायिक पातळीवर घडलं. मार्चच्या शेवटी सगळ्या गाड्या जिथल्या तिथे थांबल्या, आणि त्या हलण्याआधी पावसाळाही येऊन उभा राहिला. आपल्याला वाटत होतं आपणच काय ते घरात कोंडलो आहोत. बाहेर पडायची मुभा मिळाली तेव्हा मास्क लावलेली माणसं खाली उतरली, गाडीत बसली आणि कळलं की गाडीनं अजून टाळेबंदी उठवलेली नाही. त्या दिवसांत आमच्या मिस्त्रींना जेवढा मान होता तेवढा डॉक्टरांखालोखाल दुसऱ्या कुणाला नसेल.

मिस्त्री मूळचे चिपळूणकडचे. गॅरेज स्टेशनच्या रस्त्याला, पण जाम झालेली गाडी गॅरेजपर्यंत जाणार कशी, म्हणून तेच येतात : खांद्याला पिशवी, पिशवीत जॅक, पाने, हातोडा आणि पॉलिश पेपरचे तुकडे. यंदा ते आले तेव्हा काका गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी खाली पेपर आणायला गेले होते ती तिथेच रेंगाळले. एखादा जाणता माणूस बिघाड शोधत असताना बघत राहण्यासारखं सुख कमी आहे. आपल्याला काही करायचं नसलं, तर फारच.

मिस्त्रींनी सुरुवातीला कशालाच हात लावला नाही. गाडीत बसले, हँडब्रेक खाली केला आणि तो खाली येताना कसा वाटतो ते बघितलं. दांडा पिकल्या फळासारखा गळून पडला, त्याला ताण म्हणून नव्हता. “काका, वायर परत आलेली नाही. एका बाजूची तरी,” ते म्हणाले. मग इंजिन सुरू करून गाडी रिव्हर्समध्ये घेतली आणि क्लच अगदी हळू सोडला, तो धरतो न धरतो इतका. गाडी दबली. मग पुढे. मग पुन्हा मागे. रेस वाढवली नाही. “उलट्या दिशेनं पटकन सुटतो कधी कधी. नाही सुटला तर त्याला राग नाही द्यायचा,” असं म्हणून ते उतरले, पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर घेतली आणि पाठीवर सरकत गाडीखाली दिसेनासे झाले. त्यानंतरचं निदान आम्हाला गाडीखालून ऐकू येत होतं.

दोन चाकं, दुखणी वेगवेगळी. डावीकडे वायरच अडकलेली होती. हँडब्रेकची वायर एका नळीतून जाते; नळीला वरून रबरासारखं आवरण असतं, ते वळणापाशी तडकलं की पाणी आत शिरतं, आणि वायर आतल्या आत गंजून फुगते. ओढताना माणसाचा हात तिला ओढून नेतो, परतताना बिचारी स्प्रिंग एकटी पडते. मिस्त्रींनी वायर पकडीनं मागे खेचली, तसं डावं चाक गप्पकन मोकळं झालं आणि काकांनी टाळी वाजवली. “टाळी नको काका. आज तेल मारून सुटेल, चार दिवसांनी परत धरेल. ही बदलायची.” काकांचा चेहरा पडला. जुनी गोष्ट साफ करून चालवणं त्यांना पटतं, बदलणं पटत नाही.

उजवीकडे वायर नीट परत येत होती, तरी चाक ढिम्म. म्हणजे दुखणं ड्रमच्या आत. चाक काढलं, ड्रम उघडा झाला, आणि मिस्त्रींनी हातोड्यानं त्याच्या तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागेत, फिरून फिरून ठोके द्यायला सुरुवात केली. मला वाटलं होतं जोराचे घाव बसतील. ते तर तबला सुरात लावणाऱ्याच्या हातोडीइतके मोजके पडत होते. आधी आवाज बद्द येत होता, भरलेल्या भांड्यासारखा. ठोके फिरत राहिले, मिस्त्रींची मान एका बाजूला कलली, काका खुर्चीच्या टोकावर आले, आणि मग एका ठोक्याला ड्रम टण्ण करून वाजला. इतका स्वच्छ आवाज की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावून पाहिलं. “सुटला,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी ड्रम हातानं फिरवूनसुद्धा बघितला नाही. त्यांना ऐकूनच कळलं होतं.

सुटला म्हणजे फिरायला लागला, निघाला नव्हता. बऱ्याच ड्रमांना आट्याची दोन भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांत दोन बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळत गेलं की ड्रम स्वतःच स्वतःला बाहेर ढकलतो. बनवणाऱ्यानं ही वेळ येणार हे आधीच धरलं होतं, याचं मला फार कौतुक वाटलं. ड्रम निघाला तेव्हा आत लाल भुकटी होती आणि कडेच्या लोखंडावर लायनरचा पुरता ठसा उमटलेला होता, किती लांब, किती रुंद, कुठे कोपरा झिजलेला, सगळं. काका चष्मा वर करून तो ठसा बराच वेळ बघत होते. मी फुंकर मारायला वाकले तर मिस्त्रींनी हात आडवा घातला. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. मग ड्रम आणि लायनर पॉलिश पेपरनं घासले गेले, व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल नाही ना ते पाहिलं गेलं, शू जिथे मागच्या पत्र्यावर सरकतात तिथे बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लागलं. लायनरला ग्रीसचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, हे सांगताना त्यांचा सूर सोवळ्यातल्या आजीसारखा झाला होता.

पुढच्या चाकांना यंदा काही झालेलं नव्हतं, पण मिस्त्रींनी तीही पाहिली, आणि त्या ओघात मला एक गोष्ट कळली ती अजून मनातून जात नाही. डिस्कब्रेकमध्ये कॅलिपर नावाचा पंजा असतो. आपण पेडल दाबलं की त्यातला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅडना डिस्कवर दाबतो. हे ठीक. पण पाय काढल्यावर त्या पिस्टनला मागे कोण आणतं? मी स्प्रिंग शोधत होते. स्प्रिंग नसतेच. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती त्याला धरून किंचित तिरपी होते, आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारात परत येते. येताना पिस्टनला केसभर मागे घेऊन येते. बस. ताशी शंभरच्या वेगानं धावणारी, टनभर वजनाची गाडी थांबवायला केवढा बंदोबस्त : पेडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर, पोलादी नळ्या. आणि तीच गाडी पुन्हा मोकळी व्हावी ही सगळी जबाबदारी रबराच्या एका कड्यावर, त्याला आपला आकार आठवतो एवढ्या भरवशावर.

ते कडं म्हातारं होतं, कडक होतं. पिस्टनवर गंजाचा ठिपका पडतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की अपेक्षा १४० अंशांवर येते, आणि तेच पाणी आतून गंजही चढवतं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं. आणखी एक वाट म्हणजे चाकाकडे जाणारा रबरी पाइप आतून सुजतो. पायाचा जोर ऑइलला त्या अरुंद वाटेनं पुढे ढकलतो, पण परतणाऱ्या ऑइलमागे कुणाचाच जोर नसतो, ते पलीकडेच राहतं. वरून पाइप अगदी निरोगी दिसतो. यावर मिस्त्रींची परीक्षा साधी आहे : चाक धरलेलं असताना कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल थोडं सैल करायचं. चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं, तर दोष अलीकडे, पाइपात किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. ऑइल नुसतं ओघळलं आणि चाक तसंच राहिलं, तर कॅलिपर स्वतःच धरून बसलाय.

असं अर्धवट धरलेलं चाक पूर्ण जाम झालेल्या चाकापेक्षा लबाड. गाडी चालते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. फक्त जड चालते. अॅव्हरेज कमी पडतं आणि आपण पेट्रोल पंपाला दोष देतो. स्टिअरिंग सोडलं की गाडी एका अंगाला जाते आणि आपण रस्त्याला दोष देतो. कशेडी घाट चढून चहाला थांबल्यावर करपल्यासारखा वास येतो आणि आपण पुढच्या ट्रककडे बघतो. खात्री करायची तर ब्रेक फारसा न वापरता थोडी गाडी चालवून सपाट जागी थांबायचं आणि चारही चाकांच्या जवळ हात न्यायचा. जवळ, लावायचा नाही. तीन कोमट आणि एक तापलेलं निघालं, तर चोर तिथे आहे.

आगगाडीनं या बाबतीत उलटा विचार केला आहे, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये हवेवर चालणारा ब्रेक आणला, तो आपल्या मोटारीसारखाच, हवा भरली की लागणारा. तीन वर्षांनी त्यानं तो फिरवला : गाडीभर गेलेल्या नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. म्हणजे डबा तुटो, नळी फुटो, गाडी आपोआप थांबणार. थांबणं हीच तिची मूळ अवस्था. धावायचं तर सतत कुणीतरी हवा पुरवत राहायला हवी. ३७ फुटांत एक फूट उतरणाऱ्या बोरघाटासारख्या ठिकाणी याच तत्त्वावर आपण डुलक्या घेत खाली येतो. मोठ्या बसगाड्याही याच घराण्यातल्या. सकाळी आगारात बस सुरू करून ड्रायव्हर नुसता बसून राहतो आणि आत चढलेल्या माणसाला वाटतं हा कशाची वाट बघतोय. तो टाकीत हवा भरायची वाट बघत असतो. रेल्वेतही ब्रेक सुटत नाही असं होतं. त्याला तिथे ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणतात, चाकाशी धूर निघतो, प्रवासी घाबरतात, आणि मग कुणीतरी खाली उतरून त्या डब्याची दांडी ओढून हवा सोडतो. केवढी लांब गाडी, पण सुटका शेवटी हातानंच करावी लागते.

काकांचा मुलगा मिनियापोलिसला असतो. तिथे जानेवारीत तापमान उणे वीसच्या खाली जातं, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच्या जुन्या गाडीचा हँडब्रेक धरला. गंजानं नव्हे, बर्फानं. ड्रममध्ये गेलेलं रस्त्यावरचं पाणी आणि वायरीच्या नळीतला ओलावा, दोन्ही रात्रीत गोठले. त्यानं व्हिडिओ कॉल केला. काकांनी फोन आमच्या जिन्यात आणला, मिस्त्रींना दाखवायला. ते योगायोगानं दुसऱ्याच गाडीसाठी आले होते. काका म्हणाले, “गरम पाणी ओत रे.” मुलगा म्हणाला, “बाबा, ते इथे तिथल्या तिथे गोठेल, आणि आणखी धरेल.” मिस्त्रींनी स्क्रीनमधला पांढरा प्रदेश निरखून पाहिला आणि म्हणाले, “मागे-पुढे कर भाऊ. सावकाश. बर्फ आहे तर तडकेल.” फोन डॅशबोर्डवर ठेवून त्यानं तसं केलं, आणि कट् असा एक आवाज डोंबिवलीच्या जिन्यात ऐकू आला.

तिकडचे लोक थंडीत सपाट जागी हँडब्रेक ओढतच नाहीत, नुसती गियरमध्ये ठेवतात, हे त्याला शेजाऱ्यानं सांगितलं होतं. “माहिती होतं, पण हात जातोच,” तो म्हणाला. “किती दात?” काकांनी विचारलं. तो हसला. “शेवटपर्यंत. तुम्हीच शिकवलंत ना, तुमच्याच गाडीवर.” काका काही बोलले नाहीत. वर जाऊन काकूंना मात्र त्यांनी सगळं सांगितलं, फक्त बिघाडाचा भाग गाळून.

यंदा दोन्ही चाकं बसवून झाल्यावर मिस्त्रींनी गाडी सोसायटीच्या फाटकाजवळच्या जराशा उतारावर नेऊन न्यूट्रलमध्ये सोडली. गाडी आपणहून, कुणी न ढकलता, हलकेच पुढे निघाली. तेवढं बघून त्यांनी हात पुसले. वायर दुसऱ्या दिवशी आली आणि बदलली गेली. काकांनी जुनी वायर मागून घेतली आहे, कशाला ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही. रविवारी आता त्यांनी गाडी एक चाकभर पुढे आणि एक चाकभर मागे घ्यावी, असं मिस्त्रींनी बजावलंय. काका ते करतात. काकूंना सांगून जाणं आता निदान तांत्रिकदृष्ट्या खरं झालं आहे.

तुमची गाडीही पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर एवढं करा. धुतलेली, ओली गाडी तशीच उभी करू नका. आधी थोडी फिरवून, चार ब्रेक मारून चाकं कोरडी करा. सपाट जागा बघा. हँडब्रेक लावू नका, पहिल्या गियरमध्ये ठेवा, गियर ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर, आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि दगड लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा, नाहीतर गणपतीला निघताना पुन्हा मिस्त्रींना फोन कराल, आणि त्या आठवड्यात ते फोन उचलत नाहीत.